वल्हांडण, सप्ताहांचा सण, मांडवांचा सण... ख्रिस्ती माणसाने हे पाळायचे की नाही?

मोहरीदाणा:

जय ख्रिस्त सगळ्यांना. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण घरात हा विषय आता गप्प बसण्यासारखा राहिलेला नाही. माझे धाकटे दीर आणि जाऊबाई दोन वर्षांपासून एका ऑनलाइन बायबल स्टडीला बसतात. तिथून त्यांना पटलंय की ख्रिसमस आणि ईस्टर माणसांनी काढलेले सण आहेत आणि विश्वासणाऱ्याने फक्त बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायातले, म्हणजे लेवीय २३ मधले, सात सण पाळावेत. वल्हांडण, बेखमीर (न आंबवलेल्या) भाकरीचा सण, पहिल्या पिकाची पेंढी, सप्ताहांचा सण, कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, मांडवांचा सण. दीर म्हणतात त्या अध्यायात देव 'माझे नेमलेले सण' म्हणतो, 'यहूद्यांचे सण' असं कुठे लिहिलंय दाखवा. आता यात चूक काढायला गेलं तर खरंच तसं लिहिलेलं नाही.

दुसरीकडे आमच्या पाळकांना विचारलं तर ते म्हणाले मोशेचं नियमशास्त्र वधस्तंभावर पूर्ण झालं, हे परत दास्यात जाणं आहे, गलतीकरांस पत्र वाचा. वाचलं. तेही पटतं.

या ईस्टरला दीर जेवायला आले नाहीत. सासूबाईंनी त्यांचं ताट वाढून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं, आणि मग न बोलता उचललं. ते ताट माझ्या डोळ्यासमोरून जात नाही म्हणून विचारतेय. कोणाला हरवायचं नाहीये मला. हे सण मुळात काय आहेत, प्रेषितांनी ते पाळले का, आणि आज आपल्यासाठी त्यांचं महत्त्व काय, हे ज्यांनी नीट अभ्यासलंय त्यांनी सांगा प्लीज.

बेरियाकर:

ताई, चांगला प्रश्न. आधी दिरांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करू, नाहीतर ते ऐकणारच नाहीत.

प्रेषितांच्या कृत्यांत हे सण गायब झालेले नाहीत. २०:६ मध्ये प्रेषित पौल आणि सोबतचे लोक बेखमीर भाकरीचे दिवस फिलिप्पैमध्ये काढतात आणि मगच जहाजात बसतात. २०:१६ मध्ये त्याला पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे सप्ताहांच्या सणापर्यंत, यरुशलेम गाठायची घाई आहे. १ करिंथ १६:८ मध्ये म्हणतो पेन्टेकॉस्टपर्यंत इफिसात राहीन. आणि प्रेषित २७:९ तर फारच बोलका आहे, तिथे लूक समुद्रप्रवास धोक्याचा का झाला ते सांगताना 'उपास होऊन गेला होता' एवढंच लिहितो, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, आणि वाचणाऱ्याला तो कळेल असं धरून चालतो. त्या मंडळीचं वर्षच या सणांवर चालत होतं.

पण पाळकही चुकीचं सांगत नाहीयेत. गलती ४:१० मध्ये पौल म्हणतो तुम्ही दिवस, महिने, ऋतू, वर्षं पाळता, मला तुमची भीती वाटते. तोच पौल! मग एकच माणूस सणासाठी जहाज धरतो आणि सण पाळणाऱ्यांना झापतो, हे कसं? माझ्या मते गलतीयातली अडचण तारीख ही नव्हतीच. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना कोणीतरी सांगत होतं की ख्रिस्त पुरेसा नाही, सुंताही हवी, दिवसही हवेत, तेव्हाच तुम्ही देवाचे. पौलाचा संताप त्यावर आहे. प्रेषित १५ मध्ये यरुशलेमेत बैठक बसली, परराष्ट्रीयांवर काय ओझं घालायचं ते ठरलं, त्या यादीत एकही सण नाही.

आणि कलस्सै २:१६ दोन्ही बाजूचे लोक एकमेकांना फेकून मारतात, पण वाक्य नीट बघा. खाण्यापिण्यावरून, सण, अमावास्या, शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) यावरून कोणी तुमचा न्याय करू नये. पाळणाऱ्याचाही नाही आणि न पाळणाऱ्याचाही नाही. पुढच्या ओळीत या गोष्टी सावली आहेत आणि शरीर ख्रिस्ताचं आहे. दिरांनी ताटावर न बसणं हा न्यायच झाला ना, आणि त्यांना 'दास्यात गेला' म्हणणं हाही.

पहाटतारा:

बेरियाकर भाऊंशी बराचसा सहमत पण सावली शब्दावर थोडं बोलू द्या, लोक तो शब्द 'बिनकामाची गोष्ट' अशा अर्थाने घेतात. सावली माणसाचा आकार सांगते. वल्हांडण वाचल्याशिवाय वधस्तंभ अर्धाच कळतो असं मला वर्षानुवर्षं शिकवताना दिसलंय.

निर्गम १२ घ्या, मिसर देशातल्या दास्यातून सुटकेची ती रात्र. कोकरू दहाव्या दिवशी निवडायचं आणि चौदाव्यापर्यंत घरी ठेवायचं. चार दिवस ते पोरांच्या पायात घुटमळत असणार, आणि मग ते कापायचं. म्हणजे मरणारा आपल्या घरातला झालेला असतो. मग रक्त दाराच्या चौकटीला, आणि नाश ते घर ओलांडून जातो, म्हणून वल्हांडण. त्या कोकराचं हाड मोडायचं नाही (१२:४६), आणि योहान १९:३६ मध्ये शिपाई येशूचे पाय मोडत नाहीत तेव्हा योहान थेट हेच वचन काढतो. पौल १ करिंथ ५:७ मध्ये सरळ ख्रिस्ताला 'आपला वल्हांडण' म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो, म्हणून आपण सण पाळू या, जुन्या खमिराने नाही, सात्त्विकपणाच्या आणि खरेपणाच्या बेखमीर भाकरीने. आता हे त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलंय जिथे बहुसंख्य परराष्ट्रीय, त्यांना खमीर काय हे कळत होतं म्हणूनच ना?

नंतर पहिल्या पिकाची पेंढी, शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी याजक ती परमेश्वरापुढे ओवाळायचा. १ करिंथ १५:२० मध्ये ख्रिस्त झोपी गेलेल्यांतलं प्रथमफळ. मळ्यातून एक पेंढी आत आली म्हणजे उरलेलं पीक उभं आहे, ते येणारच. पुनरुत्थानाची याहून सोपी शिकवण मला तरी माहीत नाही. तिथून पन्नास दिवस मोजायचे आणि सप्ताहांचा सण. ग्रीकमध्ये पेन्टेकॉस्ट म्हणजे पन्नासावा, तेवढाच अर्थ. आणि त्या दिवशी दोन भाकरी आणायच्या त्या खमीर घातलेल्या (लेवीय २३:१७)! वल्हांडणात खमीर घराबाहेर आणि इथे वेदीपाशी. मी याचा फार मोठा अर्थ लावत नाही, पण प्रेषित २ वाचताना, इतक्या देशांतून आलेले मिश्र लोक एका दिवसात मंडळी होतात तेव्हा, त्या दोन भाकरी आठवतातच.

मांडवांच्या सणाबद्दल तर किती लिहू. देवळाच्या काळात त्या सात दिवसांत याजक शिलोह तळ्यावरून सोन्याच्या भांड्यात पाणी आणायचा आणि वेदीवर ओतायचा, कर्णे वाजायचे, पावसाळा तोंडावर असायचा, लोक पावसासाठी देवाकडे बघत असायचे. स्त्रियांच्या अंगणात उंच दीपवृक्ष पेटवायचे. मिश्नात, म्हणजे यहूदी गुरूंच्या शिकवणीच्या जुन्या संग्रहात, याचं वर्णन आहे. आता योहान ७:३७ उघडा. सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो, कोणी तान्हेला असेल त्याने माझ्याकडे यावं आणि प्यावं. आणि ८:१२ मध्ये मी जगाचा प्रकाश आहे. ८:२० सांगतं की हे तो भांडाराजवळ बोलला, म्हणजे त्याच अंगणाच्या आसपास. सण माहीत नसेल तर ही दोन सुंदर वाक्यं आहेत. सण माहीत असेल तर अंगावर काटा येतो, मला दर वेळी येतो.

तुटलेला घडा:

मी या विषयावर लिहिणार नव्हतो पण लिहितो. मी ज्या गटात नऊ वर्षं होतो (नाव नको) तिथे हे सण सक्तीचे होते. सुरुवात फार गोड झाली होती. वल्हांडणाच्या रात्री कडू भाजी, बेखमीर भाकरी, मुलांनी प्रश्न विचारायचे, मी तेव्हा रडलो होतो आनंदाने. मग हळूहळू तारखेवरून भांडणं सुरू झाली. चंद्र डोळ्यांनी बघून महिना धरायचा की छापील कॅलेंडर घ्यायचं, पन्नास दिवस कुठल्या शब्बाथापासून मोजायचे. यावरून गट फुटला, मग उरलेला परत फुटला. शेवटी आम्ही अकरा जण उरलो आणि आम्हा अकरांनाच खरा दिवस माहीत आहे असं आम्हाला वाटायचं. माझ्या आईला मी तीन वर्षं ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. चौथ्या वर्षी ती नव्हती.

म्हणून ताई, तुमच्या दिरांवर रागावू नका, पण त्यांना एकटंही सोडू नका. आतला माणूस बाहेर बोलवणाऱ्या आवाजाची वाट बघत असतो, वरून कितीही कडक दिसला तरी.

बेरियाकर:

घडा भाऊ, लिहिलंत ते बरं केलंत. खरंच.

पन्नास दिवसांच्या मोजणीवरून तर देवळाच्या काळातच सदूकी आणि परूशी हे यहूद्यांतले दोन पंथ भांडत होते. लेवीय २३:१५ मधला 'शब्बाथाचा दुसरा दिवस' म्हणजे शनिवारनंतरचा रविवार की सणाच्या पहिल्या दिवसानंतरचा दिवस, यावर. दोन हजार वर्षांत न सुटलेली गोष्ट आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुटणार नाही.

जुनीवीण:

मंडळीच्या इतिहासातलं थोडं मांडते, कारण 'ईस्टर हा इश्तार देवीचा सण' हा व्हिडिओ दिरांनी नक्की पाहिला असणार. नुसतं उच्चारातलं साम्य आहे ते. ग्रीक आणि लॅटिन भाषेत या सणाचं नाव पास्खा आहे, हिब्रू पेसाहवरून आलेलं, म्हणजे वल्हांडणच. ईस्टर हे नाव इंग्रजीतलं, आठव्या शतकात बीड नावाच्या साधूने ते एओस्त्रे नावाच्या देवीच्या महिन्याशी जोडलं, पण तोपर्यंत सण पाळून सहा शतकं होत आली होती. इंग्रजी शब्दावरून ग्रीक मंडळीचा उगम काढता येत नाही.

उलट सुरुवातीचा वाद हा वल्हांडण पाळायचा की नाही असा नव्हताच, दिवस कुठला असा होता. आशियातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, मंडळ्या निसान या यहूदी महिन्याच्या चौदाव्या दिवशीच पास्खा पाळायच्या, मग वार कुठलाही असो, आणि म्हणायच्या आम्हाला योहानाकडून हे आलंय. रोममध्ये रविवार धरायचे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला, तिथला बिशप अनिकेतस याच्याशी बोलला. दोघांनीही एकमेकांना पटवलं नाही. आणि तरी अनिकेतसने त्याला आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा मान दिला, आणि ते शांतीने वेगळे झाले. मला हा प्रसंग सगळ्या वादापेक्षा मोठा वाटतो. पुढे साधारण १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियाच्या मंडळ्यांना तोडायला घेतलं तेव्हा बिशप इरेनियसने त्याला लिहून हाच प्रसंग आठवण करून दिला. ३२५ ला निकियाच्या परिषदेनंतर रविवार सगळीकडे ठरला.

आता आपल्या बाजूची लाज पण सांगते. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या परिषदेने यहूदी शेजाऱ्यांकडून बेखमीर भाकरी घेऊ नका असा नियम केला. म्हणजे लोक घेत होते, एकमेकांकडे जात होते! अंत्युखियात जॉन ख्रिसोस्तम या प्रसिद्ध उपदेशकाने ३८६-८७ मध्ये आपल्या लोकांनी यहूदी सणांना जाऊ नये म्हणून इतकी विखारी प्रवचनं केली की पुढे शतकानुशतकं ती यहूद्यांविरुद्ध वापरली गेली. वल्हांडण-ईस्टरच्या दिवसांत युरोपात यहूद्यांवर हल्ले व्हायचे, १९०३ ची किशिनेवची कत्तल ईस्टरच्या रविवारीच सुरू झाली. म्हणून आज कोणी ख्रिस्ती कुटुंब हौसेने 'सेदेर', म्हणजे यहूद्यांचं वल्हांडणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, करायला घेतं तेव्हा मी सांगते जरा जपून. चार प्याले, मधली भाकरी मोडून लपवणं, हे सगळं इ.स. ७० मध्ये देऊळ पडल्यानंतर यहूदी लोकांनी आपल्या दुःखातून उभं केलंय, काही भाग तर बराच नंतरचा आहे. येशूने शेवटच्या रात्री नेमकं हेच केलं असं छातीठोक सांगणं बरोबर नाही. त्यांच्याकडून शिकावं, आमंत्रण आलं तर पाहुणा म्हणून जावं.

आणि एक, दीर म्हणतात लेवीय २३ बाहेरचा सण नको. मग योहान १०:२२? पुनःस्थापनेचा सण, हिवाळा होता, येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. हा सण लेवीयात नाही, मक्काबी या यहूदी बंडखोरांनी इ.स.पू. १६४ मध्ये देऊळ शुद्ध केलं त्याची ती आठवण. माणसांनीच नेमलेला. येशू तिथे होता आणि त्याने त्याला नावं ठेवली नाहीत. पुरीम हा यहूदी सणही तसाच, एस्तेर ९.

पहाटतारा:

हा योहान १० चा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता, धन्यवाद जुनीवीण ताई.

सक्तीने पाळणाऱ्यांना मी अजून एक विचारतो. अनुवाद १६ प्रमाणे वल्हांडणाचा यज्ञ फक्त देवाने निवडलेल्या ठिकाणीच करायचा, आपल्या गावात नाही. देऊळ नाही, वेदी नाही, मग लेवीय २३ जसंच्या तसं आज कोण पाळतंय? शोमरोनी लोक गरिज्जीम डोंगरावर अजून कोकरं कापतात, ते सोडले तर यहूदीसुद्धा वेगळ्या रूपात पाळतात. आपण सगळेच आठवण करतोय. आठवण म्हणून करा, मनापासून करा, पण 'आम्ही आज्ञा पूर्ण केली' म्हणू नका.

आणि कर्ण्यांच्या दिवसावरून प्रभूच्या येण्याची तारीख काढणाऱ्यांपासून तर लांबच राहा. १९८८ च्या सप्टेंबरात याच सणाला मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, स्वर्गात उचलली जाणार म्हणून किती लोकांनी नोकऱ्या सोडल्या. २०१४-१५ मध्ये चार चंद्रग्रहणं वल्हांडण आणि मांडवांच्या सणांवर आली तेव्हा परत तेच. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असं मत्तय २४:३६ इतकं स्पष्ट सांगत असताना.

मोहरीदाणा:

सगळ्यांचे आभार, दोन दिवस हेच वाचतेय. घडा भाऊ तुमचं वाचून मी रात्री झोपले नाही.

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यानंतर मी लेवीय २३ पूर्ण, एका बैठकीत वाचलं, आधी तुकड्यातुकड्यांत वाचलं होतं. आणि मला २२ वं वचन अडलं. बघा ना, सगळा अध्याय सणांचा चाललाय, तारखा, अर्पणं, किती कोकरं, किती पीठ, सप्ताहांचा सण संपतो आणि कर्ण्यांचा सुरू व्हायच्या आधी अचानक मध्येच येतं की तुम्ही पीक कापाल तेव्हा शेताचे कोपरे पूर्ण कापू नका, पडलेल्या लोंब्या वेचू नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी ठेवा. सणांच्या यादीत हे काय करतंय? मग अनुवाद १६ काढलं तर तिथे वचन ११ आणि १४ मध्ये परत तेच, सणात आनंद कर, तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, पोरका, विधवा. नावं घेऊन सांगितलंय. म्हणजे देवाने तारीख सांगितली तशी पंगतही सांगितली. आणि आमच्या घरात तारखेवरून सख्ख्या आईच्या पंगतीतून मुलगा उठला आणि आम्ही बाकीचे पण 'आमचाच बरोबर' म्हणून जेवलो, मी पण जेवले. मग त्या दिवशी कोणीच सण पाळला नाही, ना लेवीय २३ चा ना ईस्टरचा, असं मला वाटतं.

सप्ताहांच्या सणाला यहूदी लोक रूथचं पुस्तक वाचतात असं कळलं. परकी, विधवा, आणि शेताच्या कोपऱ्यातल्या लोंब्या. तिच्या वंशात दावीद आणि मग येशू.

तुटलेला घडा:

ताई, आम्ही नऊ वर्षांत लेवीय २३ किमान शंभर वेळा वाचलं असेल. बाविसावं वचन आम्ही नेहमी ओलांडून गेलो. त्यात तारीख नाही ना.

बेरियाकर:

इथे रोम १४:५-६ जोडतो, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा थोर मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाची आपल्या मनात खात्री असू द्या. आणि पुढच्याच अध्यायाच्या सातव्या वचनात, ख्रिस्ताने तुम्हाला स्वीकारलं तसं एकमेकांना स्वीकारा. पौलाला दिवसांचा वाद मिटवायचा असता तर एक तारीख देऊन टाकली असती.

जुनीवीण:

एका मोठ्या गटाचं उदाहरण आहे, हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांनी १९३४ मध्ये सुरू केलेली मंडळी. शब्बाथ, सगळे सण, खाण्याचे नियम, सगळं बंधनकारक. ते १९८६ मध्ये वारल्यावर पुढच्या नेत्यांनी १९९० च्या दशकात अभ्यास करून जाहीर केलं की हे तारणासाठी आवश्यक नाही. हजारो लोक सोडून गेले, पैसा गेला, तरी त्यांनी ते केलं. चूक कबूल करून बदलणं शक्य असतं म्हणून सांगितलं. दिरांना हे तोंडावर मारायला वापरू नका मात्र.

मोहरीदाणा:

नाही ताई, वापरणार नाही. आज फोन केला दिरांना. वाद नाही घातला. सांगितलं की तुमच्यामुळे मी लेवीय वाचलं नाहीतर आयुष्यात वाचलं नसतं, आणि बावीस वचन वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले वहिनी, ईस्टरच्या रविवारी मी यापुढेही येणार नाही, माझं मन मानत नाही. पण पुढच्या वर्षी वल्हांडणाच्या रात्री आईकडे येतो, निर्गम १२ मी वाचतो, योहान १३ तुम्ही वाचा. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं की त्या रात्री किती जण असतील, आणि शेवटच्या घरातल्या आजींना, त्या एकट्याच असतात, बोलवलं तर चालेल का.

पहाटतारा:

योहान १३ वाचाल तेव्हा पाय धुण्याचा भाग घाईत वाचू नका. जमलं तर नुसतं वाचू नका, करा.